अनियमित हृदयठोक्यांवरील औषधांची तुलना

‘छातीत धडधडतं, मधेच ठोका चुकतो’ ही तक्रार घेऊन जत, आटपाडीकडची माणसे मिरजेला येतात. उपचारासाठी मिरज गाठण्याची ही वहिवाट १८९४ साली वानलेस रुग्णालय उघडले तेव्हापासूनची. तक्रारीमागे बऱ्याचदा एट्रियल फिब्रिलेशन निघते. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली की अर्धांगवायू होतो.

ठोक्यांचा वेग आवरायला मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन. ताल पूर्ववत करायला अमिओडेरोन, सोटॅलॉल, फ्लेकेनाइड. गुठळी टाळायला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.

ईसीजी सुधारला म्हणजे औषध चांगले, ही समजूत जिवावर बेतलेली आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना ‘कास्ट’ चाचणीत फ्लेकेनाइड किंवा एन्केनाइड दिले. जादा ठोके थांबले, पण नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा मृत्यू जास्त झाले. १९८९ साली चाचणीचा तो भाग मधेच थांबवावा लागला. पुढे २००२ च्या ‘अफर्म’ चाचणीत ४,०६० रुग्णांपैकी ताल सुधारण्याचे औषध घेणारे वेग आवरणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. २०२० च्या ‘ईस्ट’ चाचणीने मात्र निदानानंतर वर्षभरात ताल सांभाळला तर फायदा होतो, असे दाखवले. ताल टिकवण्यात अमिओडेरोन सरस. पण त्याच्या वजनात ३७ टक्के आयोडीन असते आणि ते शरीरात महिनोन्‌महिने राहते. म्हणून थायरॉइड, यकृत आणि फुप्फुसांवर लक्ष ठेवावेच लागते.

लहानपणीच्या संधिवाती तापाने हृदयाची झडप आखडलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी नव्या रिव्हरॉक्साबॅनपेक्षा जुन्या वॉरफेरिनवर मृत्यू कमी झाले, हे २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत दिसले. फक्त वॉरफेरिनला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासत राहावे लागते, तो बहुधा २ ते ३ च्या दरम्यान हवा. जतहून त्यासाठी एसटीने यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हा खर्च कोणत्याच तक्त्यात धरलेला नसतो. हिवाळ्यात मेथीच्या जुड्या स्वस्त होतात, घरात रोज मेथी शिजते, वॉरफेरिनचा असर कमी होतो आणि आयएनआर खाली येतो. भाजी सोडायची नसते, प्रमाण सारखे ठेवायचे असते. उलट, वॉरफेरिन चालू असताना अमिओडेरोन सुरू झाले की आयएनआर चढतो, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा वॉरफेरिनचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो.