सांबरा ते मुंबई: तासाभराच्या उड्डाणामागचा इतिहास

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीपासून मुंबईचं विमानतळ सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर. तेच निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे असं रस्त्याने गेलं की पाचशेच्या घरात जातं. वेळापत्रकात तास-सव्वा तास दिसतो, तो सगळा हवेतला नसतो. विमान जागेवरून हललं की वेळ मोजायला सुरुवात, ती मुंबईत ते जागेवर उभं राहीपर्यंत. मुंबईवर गर्दी असली तर घिरट्याही त्यातच.

धावपट्टी १९४२ ची, महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने बांधलेली. पुढे तिथे हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र राहिलं, नागरी विमानं अधूनमधून येत-जात राहिली. नवी इमारत आणि २३०० मीटरपर्यंत वाढवलेली धावपट्टी मिळाली ती थेट २०१७ मध्ये.

त्याआधी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवा देणारी केंद्र सरकारची उडान योजना जाहीर झाली होती. तासाभराच्या, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या उड्डाणाला निम्म्या जागांपुरतं भाडं २,५०० रुपये, आणि कंपनीला बसणारी तूट तीन वर्षं भरून द्यायची. अंतराच्या हिशेबात मुंबई, बंगळूर, हैदराबाद हे बेळगावचे तिन्ही मार्ग चपखल बसत होते. घोडं अडलं ते 'अंडरसर्व्ह्ड' या शब्दापाशी. आठवड्याला सातपेक्षा जास्त नियमित विमानं नसतील तरच विमानतळ या व्याख्येत बसणार; बेळगावची विमानं त्याहून जास्त होती. सरकारी मराठीत याला काहीही म्हणोत, बेळगावात लोक एवढंच म्हणायचे, "आपलं नाव उडानमध्ये बसलं नाही." योजनेतल्या मार्गवाटपाच्या पहिल्या दोन फेऱ्यांत बेळगाव नव्हतं. हुबळी होती.

मे २०१८ मध्ये इथली बहुतेक विमानं उचलून हुबळीला नेली गेली. कंपनीच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हतं. सवलत जिथे, विमान तिथे. पण ज्या गावाने कुणाच्या मदतीशिवाय प्रवासी जमवले, त्याचीच विमानं जावीत, हा नियम मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही.

त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली माणसं पहाटे साडेतीनला गाडी ठरवून निघायची. हिरेबागेवाडीचा टोलनाका, कित्तूर, धारवाड करत हुबळी. हवेतून जेमतेम ७५ किलोमीटर, महामार्गाने शंभरच्या आसपास. तासाभराच्या उड्डाणासाठी चार तास आधी घर सोडायचं. खानापूरकरांना गोव्याचा पर्याय होता, पण ऐन पावसात चोर्ला घाटाचा भरवसा कोण देणार? निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, पण उजळाईवाडीहून तेव्हा विमानंच मोजकी.

निवेदनं गेली, बैठका झाल्या, आणि जानेवारी २०१९ च्या तिसऱ्या फेरीत बेळगाव आलं. तेही एकदम दहाहून जास्त मार्ग घेऊन: पुणे, मुंबई, हैदराबाद, तिरुपती, मैसूर, नाशिक, इंदूर. सांबऱ्याला जाणाऱ्या रिक्षावाल्यांना पुन्हा पहाटेची भाडी मिळू लागली. मदतीची मुदत मात्र तीनच वर्षांची होती आणि त्यातले कित्येक मार्ग पुढे बंद पडले.

२०२३ च्या पाचव्या फेरीत योजनेतली ६०० किलोमीटरची अंतरमर्यादाच काढून टाकली. लांबच्या शहरांना त्याचा उपयोग होईल. बेळगाव-मुंबईचे ४०० किलोमीटर पहिल्या दिवसापासून मर्यादेच्या आतच होते.