नंबराखालचं लोखंड

जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘मॅचिंग नंबर’ हे दोन शब्द आले की किंमत चढते. घेणारा कागदावरचा नंबर बघतो, बॉनेट उघडून ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडावरचा नंबर बघतो, दोन्ही जुळले की खूश होतो. पण आकडे ठोकायच्या पंचांचा संच आणि हातोडा कोणालाही विकत मिळतो. नंबर जुळला याचा अर्थ एवढाच, की तो कोणीतरी कधीतरी ठोकला. कारखान्यात १९६९ साली ठोकला की गेल्या महिन्यात एखाद्या शेडमध्ये, याचं उत्तर नंबरात नसतं. ते आजूबाजूच्या धातूत शोधावं लागतं.

आधी एक घोळ निस्तरू. ब्लॉकवर दोन जातींचे नंबर असतात. पहिला ओतीव. तो साच्यातच असतो, त्यामुळे बीड ओतलं की उठावाने उमटतो. हा नंबर ओतकामाच्या नमुन्याचा, एकट्या इंजिनाचा नव्हे. शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ वरचा ३९७००१० घ्या. गाडीच्या डाव्या अंगाला, गिअरबॉक्स जिथे बोल्ट होतो त्या मागच्या कडेवर तो असतो. १९६९च्या ३०२ घनइंची इंजिनावर तो सापडतो आणि पुढे सत्तरच्या दशकात ३५० घनइंची इंजिनांवरही सापडतो. दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तोच, १०१.६ मिमी. फरक स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या धावेत: ३०२चा ७६.२ मिमी, ३५०चा ८८.४ मिमी. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलेलं असेल तर डेप्थ गेजने तो दोन मिनिटांत मोजता येतो. मात्र स्ट्रोक ठरवतो तो क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा. त्यावरून आत कोणता क्रँक आहे ते कळलं, ब्लॉक कोणत्या गाडीचा ते नाही.

ओतकामाची तारीखही अशीच उठावाची असते. शेव्हर्लेची मालक कंपनी जनरल मोटर्स हिच्या पद्धतीत आधी महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘सी १२ ९’ म्हणजे १२ मार्च, आणि वर्ष ९ने संपणारं. ते ६९ की ७९, हे ओतीव नंबर आणि बाकीच्या खुणांवरून ठरवायचं. फोर्डची रीत उलटी: वर्ष, महिना, दिवस. शिवाय फोर्ड ‘आय’ हे अक्षर गाळतं, म्हणून जनरल मोटर्सचा ‘आय’ आणि फोर्डचा ‘जे’ हे दोन्ही सप्टेंबरच. इथे चुकणारे बरेच आहेत.

दुसरी जात ठोकलेल्या नंबराची. स्मॉल ब्लॉकवर ही जागा उजव्या हेडच्या पुढे, डेकचाच (ब्लॉकच्या ज्या सपाट माथ्यावर हेड बसतं त्याचा) एक छोटा तुकडा हेडबाहेर डोकावतो तिथे असते. त्याला पॅड म्हणतात. त्यावर ‘व्ही ०३१९ डीझेड’ असं काही दिसेल: व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, १९ मार्चला जुळणी, आणि डीझेड ही १९६९च्या कॅमॅरो झेड-२८ची खूण. याशिवाय गाडीच्या नंबराचं छोटं रूप असतं: ‘१९एन’ आणि पुढे सहा आकडे. १ शेव्हर्लेचा, ९ वर्षाचा, एन ओहायोतल्या नॉरवूडच्या कारखान्याचा. काही ब्लॉकवर हे दुसरं रूप पॅडऐवजी ऑइल फिल्टरजवळ असतं. तिथे बघायला विसरू नये.

आता क्रम लावा. ओतकाम आधी, इंजिनाची जुळणी नंतर, गाडीची जुळणी सर्वांत शेवटी. गाडीचा आठवडा काउल टॅगवर, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्यावरच्या पट्टीवर मिळतो. ‘०३सी’ म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा. ओतकाम आणि गाडी यांत साधारण काही दिवस ते काही आठवडे जातात. सहा महिन्यांवर अंतर गेलं तर शंका घ्यावी. आणि ओतकामाची तारीख गाडीनंतरची निघाली तर पुढे काही तपासायची गरजच नाही.

हे सगळं नकली ठोकणाऱ्यालाही ठाऊक असतं. तो तारखा जुळणारा ब्लॉक शोधून आणतो, जुना ठसा घासून काढतो आणि नवा मारतो. त्याची अडचण होते ती ब्रोचिंगमुळे.

ब्लॉकचा डेक कारखान्यात ब्रोचने सपाट करत. ब्रोच हे लांबलचक हत्यार. त्यावर ओळीने दात, प्रत्येक दात आधीच्यापेक्षा किंचित वर. एका झपाट्यात ते ब्लॉकच्या लांबीवरून सरळ जातं आणि शेवटचे दात अखेरचा पातळ थर काढतात. दाताची धार कितीही पाजळली तरी तिच्यावर बारीक खाचा राहतातच. प्रत्येक खाच डेकवर एक रेष ओढते: सरळ, बाकीच्यांना समांतर, पुढून मागेपर्यंत अखंड. पॅड हा डेकचाच भाग, त्यामुळे पॅडवरच्या रेषा हेड गॅस्केटखालून तशाच पुढे जायला हव्यात. हेड उतरवा, टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून दहा-पंधरा अंशांत तिरका धरा आणि दहापट भिंगातून एक रेष पकडा. ती पॅडवरून डेकवर न तुटता गेली पाहिजे. पॉलिश पेपरने ओढलेल्या नकली रेषा मध्येच सुरू होतात, मध्येच संपतात आणि जाडीला कमी-जास्त असतात. फिरत्या कटरने डेक पुन्हा कापला असेल तर सरळ रेषांऐवजी कमानी दिसतात.

ठशाची कडही बघावी. पंच आत शिरतो तेव्हा तिथला धातू नाहीसा होत नाही, बाजूला सरकतो आणि अक्षराभोवती सूक्ष्म ओठ वर येतो. ओठ नाही याचा अर्थ ठोकल्यानंतर पॅड घासलं गेलं. मग उंची. या ब्लॉकची क्रँकच्या मध्यापासून डेकपर्यंतची उंची ९.०२५ इंच, म्हणजे सुमारे २२९.२ मिमी. पॅड डेकच्याच पातळीत हवं. दोन्हींवर सरळपट्टी ठेवून पट्टी आणि पॅड यांच्यामध्ये ०.०५ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सहज सरकला, तर तिथून धातू काढलेला आहे.

दोन ठशांची तुलना तर करायलाच हवी. एक मिशिगनमधल्या इंजिन कारखान्यात मारला, दुसरा ओहायोत गाडी जुळताना, वेगळ्या पकडीतल्या वेगळ्या अक्षरांनी. दोन्ही ओळींची अक्षरं एकाच वळणाची आणि एकाच खोलीची असतील तर एकाच हाताने बसून केलेलं काम समजा. उलट, नुसतं अक्षर वाकडं आहे म्हणून ठसा खोटा ठरवू नये. कारखान्यातही पाळी संपत आली की पंच घाईत बसायचा.

इथे ‘आवाजावरून अस्सल इंजिन ओळखतो’ म्हणणाऱ्या जाणकारांबद्दल. आवाज ठरतो कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट, कार्ब्युरेटर आणि फायरिंग ऑर्डरने (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाने), आणि यांतला जवळजवळ प्रत्येक भाग दुसऱ्या ब्लॉकवर चढवता येतो. ओतकामाची तारीख कानाला ऐकू येत नाही. सोनेरी शिक्क्याच्या प्रमाणपत्राचंही तेच. त्यामागे कारखान्याची मूळ नोंदवही असेल तर त्याला वजन. जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टचा दाखला चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे नंबर नोंदींतूनच देतो, म्हणून ई-टाइपच्या ब्लॉकवरचा आणि हेडवरचा नंबर त्याच्याशी पडताळता येतो. एमजीबीचा इंजिन नंबर मात्र रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर असतो. तिथे दाखला खरा असूनही पट्टी दुसऱ्या ब्लॉकवर गेलेली असू शकते. रिव्हेट आणि त्यांभोवतीचा जुना रंग आधी बघायचा.

नंबर पूर्ण घासून टाकला तरी तो परत वाचता येतो का? पोलादावर बऱ्याचदा येतो. धातूतले अणू ओळीने रचलेले असतात, पण या रचनेत कुठे कुठे अणूंची एखादी अर्धी ओळ जास्तीची घुसलेली असते. त्या ओळीच्या काठाला डिसलोकेशन म्हणतात. धातू वाकतो, दबतो तो हे काठ सरकून. पंच बसला की ते सरकतात, एकमेकांत अडकतात आणि झपाट्याने वाढतात. निवांत धातूत एका चौरस सेंटीमीटरमधून दहा लाख ते दहा कोटी डिसलोकेशन जातात. चांगल्या दाबलेल्या भागात ही संख्या १०च्या अकराव्या ते बाराव्या घातापर्यंत पोचते. प्रत्येकाभोवती ताण, म्हणजे साठलेली ऊर्जा. ही दबलेली पट्टी ठशाच्या तळाच्याही खाली पसरते, म्हणून आकडे घासून गेले तरी ती शिल्लक राहते. ऊर्जा जास्त असलेला धातू आम्लात लवकर विरघळतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा पृष्ठभाग आरशासारखा करून फ्रायचं द्रावण लावतात: क्युप्रिक क्लोराइड ९० ग्रॅम, हायड्रोक्लोरिक आम्ल १२० मिली, पाणी १०० मिली. बोळ्याने पुसत राहिलं की आकडे काही क्षण दिसतात आणि पुन्हा पुसट होतात, त्यामुळे कॅमेरा आधीच लावून ठेवतात.

ब्लॉकच्या बीडावर मात्र हे नीट चालत नाही. बीडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात, ते दबण्याआधी तुटतं, म्हणून दबलेली पट्टी पातळ राहते. ग्राफाइटने पृष्ठभाग काळवंडतो तो वेगळाच. चुंबकीय कणांची तपासणी धातू न खाता होते, म्हणून ती आधी करतात; ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर तीही निरुपयोगी. आणि ओतीव नंबर घासला असेल तर तो परत मिळवण्याची आशा सोडावी. तो द्रव धातू थिजून तयार झाला, तिथे काही दबलंच नव्हतं. घरी आम्ल लावून बघण्याच्या भानगडीत पडू नये. पॅड आरशासारखं केलं की ब्रोचच्या रेषा गेल्या, आणि चोरीचं प्रकरण निघालं तर पुरावाही गेला.

पॅडवर गाडीचा नंबर नसला म्हणजे लबाडी, असंही नाही. हमीत बदलून दिलेल्या शेव्हर्ले ब्लॉकवर ‘सीई’ने सुरू होणारा ठसा मिळतो. असं इंजिन मूळ नव्हे, पण ते कंपनीनेच दिलेलं.

सगळ्यांत जास्त पुरावा नष्ट होतो तो प्रामाणिक रिस्टोरेशनमध्ये. ब्लॉक वर्कशॉपला जातो, डेकवरून ०.१ ते ०.२५ मिमी उतरवतात आणि पॅडही त्यात साफ होतं. म्हणून ब्लॉक बाहेर पाठवण्याआधी पॅडवरचा रंग रिमूव्हर आणि नायलॉनच्या ब्रशने काढा. तारेचा ब्रश नको, बारीक मण्यांचा मारा (ब्लास्टिंग) नको. शेजारी पट्टी ठेवून दोन-तीन दिशांच्या तिरक्या प्रकाशात फोटो घ्या आणि सिलिकॉनचा साचा काढून ठेवा. मशिनिस्टला लेखी सांगा की कटर पॅडच्या अलीकडे थांबवायचा. ब्लास्टिंग टाळता येत नसेल तर पॅडवर जाड टेप हवी. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर गरम कॉस्टिकच्या टाकीत तो जाता कामा नये. तिथे नंबराबरोबर ब्लॉकही खाल्ला जातो.