इम्प्लांटवरचा हट्टी थर: प्रयोगशाळेत बायोफिल्म वाढवण्यामागची पार्श्वभूमी

कृत्रिम सांधा, पेसमेकरची तार, हृदयाची झडप किंवा लघवीची नळी अशा शरीरात बसवलेल्या साधनांवर (इम्प्लांटवर) जीवाणूंनी एकदा चिकट थर, म्हणजेच बायोफिल्म, करून बस्तान बसवले, की प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स घेऊनही संसर्ग उलटतो आणि अनेकदा ते उपकरणच काढून टाकावे लागते, हे शल्यविशारदांना अनुभवाने आधीच ठाऊक होते. प्रयोगशाळेला मात्र त्याचे कारण सांगायला फार उशीर लागला, आणि याचे मूळ जीवाणू वाढवण्याच्या तिथल्या पद्धतीतच होते.

रॉबर्ट कॉख यांनी १८८०च्या दशकाच्या आरंभी घन माध्यमावर एकाच जातीचे जीवाणू वेगळे वाढवण्याचे, म्हणजे शुद्ध संवर्ध मिळवण्याचे, तंत्र रूढ केले. क्षय, पटकी अशा रोगांचे जंतू ओळखण्यासाठी ते इतके उपयुक्त ठरले, की पोषक द्रवात मोकळे तरंगणारे जीवाणू हेच जीवाणूंचे खरे रूप अशी समजूत पुढे कित्येक दशके टिकली. प्रतिजैविकाची मात्रा ठरवण्याची नेहमीची चाचणीही अशाच तरंगत्या पेशींवर होते. वास्तविक, सूक्ष्मदर्शकातून जीवाणू पाहणारे आद्य निरीक्षक लेव्हेनहूक यांनी १६८०च्या दशकातच नोंदवले होते की व्हिनेगरने चूळ भरल्यावर दातांच्या कीटणातले फक्त बाहेरचे सूक्ष्मजीव मरतात, आतले जिवंत राहतात. त्यानंतर १९३३ मध्ये आर्थर हेन्रिसी यांनी पाण्यात सोडलेल्या काचपट्ट्यांवर जीवाणू चिकटून वाढतात हे दाखवले, आणि १९४३ मध्ये क्लॉड झोबेल यांनी समुद्रजलातील जीवाणूंवर पृष्ठभागाचा काय परिणाम होतो याचे सविस्तर विवेचन केले. पण ही मंडळी तळी-समुद्रांचा अभ्यास करणारी होती. रुग्णालयाकडे त्यांचे निष्कर्ष पोहोचले नाहीत.

रुग्णालयाच्या बाजूनेही धागेदोरे हाती येत होतेच. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा पू करणारा जीवाणू टोचून पाहिला. पू होण्यासाठी एरवी लाखो जीवाणू लागत. तिथे रेशमी टाक्याचा एक धागा असला, की ती गरज सुमारे दहा हजार पटींनी खाली येई. आज असा प्रयोग कोणतीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही. पुढे १९७२ मध्ये बेस्टन आणि पेनी यांनी मेंदूतील जादा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या संसर्गात जीवाणूंच्या बुळबुळीत स्रावाचा वाटा असावा, असे सुचवले.

या सुट्या निरीक्षणांना एका सूत्रात गोवण्याचे श्रेय प्रामुख्याने कॅलगरी विद्यापीठातील बिल कॉस्टर्टन यांच्या गटाला जाते. (हे कॅनेडियन शास्त्रज्ञ त्याआधी काही वर्षे पंजाबातील बटाला येथील बॅरिंग युनियन ख्रिश्चन कॉलेजात शिकवत होते.) १९८२ मध्ये मॅरी, नेलिगन आणि कॉस्टर्टन यांनी एका रुग्णाच्या हृदयातून काढलेली पेसमेकरची तार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. प्रतिजैविके देऊनही या रुग्णाच्या रक्तात स्टॅफिलोकोकस पुन्हापुन्हा सापडत होता. तारेवर गोलाकार पेशींचे थरावर थर, स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात रुतून बसलेले दिसले.

मग असा थर रुग्णाबाहेर, मुद्दाम वाढवायचा कसा? कॅलगरीत त्याचे साधन मिळाले ते वैद्यकातून नव्हे, तर औद्योगिक नळांच्या अभ्यासातून. नळांच्या आतल्या बाजूला साचणारा जीवाणूंचा थर तपासण्यासाठी रॉबिन्स उपकरण वापरात आले होते: नळीच्या भिंतीत ठरावीक अंतरावर काढता येणारी बुचे, आणि त्यांच्या आतल्या टोकावर हवा तो पृष्ठभाग. त्याच्या सुधारित रूपात बुचांवर लघवीच्या कॅथेटरचे तुकडे बसवून निकेल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये त्यांवर स्यूडोमोनास हा जीवाणू वाढवला. वाहत्या द्रवातील मोकळ्या पेशी मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम टोब्रामायसिन या प्रतिजैविकाने आठ तासांत मेल्या; तुकड्यांना चिकटलेल्यांपैकी काही मात्र १००० मायक्रोग्रॅमच्या मात्रेतही बारा तासांनंतर जिवंत होत्या. जीवाणू तोच, औषधही तेच. फरक फक्त चिकटलेले असण्याचा. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत निर्णायक प्रयोग आहे.

याच सुमारास अमेरिकेत क्रिस्टेनसेन आणि सहकाऱ्यांनी अगदी स्वस्त मार्ग काढला. आधी परीक्षानळीत आणि १९८५ मध्ये खाचांच्या प्लास्टिक पट्टीत जीवाणू वाढवायचे, द्रव ओतून टाकायचा, धुवायचे आणि उरलेल्या थराला रंग द्यायचा; जितका रंग गडद, तितका थर जाड. पुढे क्रिस्टल व्हायलेट या जांभळ्या रंगाने रंगवण्याची पद्धत जगभर पसरली, आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतही. तिची उणीव अशी की रंग मेलेल्या पेशींनाही लागतो, त्यामुळे औषधाचा परिणाम मोजायला ती अपुरी पडते. १९९९ मध्ये सेरी आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या कॅलगरी उपकरणात झाकणालाच ९६ खुंट्या आहेत. त्यांवर वाढलेला थर झाकणासकट उचलून औषधांच्या वेगवेगळ्या मात्रांत बुडवता येतो.

इम्प्लांटच्या पदार्थांची तुलना करायला मात्र अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेत विकसित झालेला रिअॅक्टर अधिक सोयीचा ठरला. त्याचाही आरंभ नळाच्या पाण्याच्या प्रश्नातूनच झाला. सुमारे एक लिटरच्या काचेच्या भांड्यात झाकणातून आठ दांड्या उतरतात, प्रत्येकीत १२.७ मिलिमीटर व्यासाच्या तीन चकत्या बसतात आणि मधोमध एक पाते फिरत राहते. चकत्या टायटॅनियम, सिलिकोन, पॉलिकार्बोनेट अशा हव्या त्या पदार्थाच्या घेता येतात. पहिला दिवस भांडे बंद ठेवतात. दुसऱ्या दिवशी पोषक द्रव इतक्या वेगाने सोडतात की मोकळ्या पेशी दुप्पट होण्याआधीच वाहून जातात आणि चिकटलेल्याच तेवढ्या मागे राहतात. मग चकत्यांवरचा थर खरवडून, विस्कळीत करून आगर या घट्ट पोषक माध्यमावर वाढवून मोजतात. २००७ मध्ये एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ही पद्धत प्रमाणित केली आणि निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून पाहता येऊ लागले.

ही शिस्त आली, पण तिची किंमतही मोजावी लागली. दोन दिवस वाढलेला एकाच जातीचा थर म्हणजे गुडघ्यातल्या सांध्यावर महिनोन्‌महिने दबा धरून बसलेला संसर्ग नव्हे. शरीरात शिरताक्षणी इम्प्लांटवर रक्तातील प्रथिनांचा लेप चढतो, आणि अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये मांडल्याप्रमाणे त्या पृष्ठभागासाठी यजमानाच्या, म्हणजे रुग्णाच्या शरीरातल्या, पेशी व जीवाणू यांच्यात शर्यत लागते. काचेच्या भांड्यात या शर्यतीतला एक स्पर्धकच गैरहजर असतो. त्यामुळे निर्णायक पुरावा शेवटी रुग्णांकडूनच घ्यावा लागला. झिमरली आणि सहकाऱ्यांच्या १९९८च्या चाचणीत, इम्प्लांट जागेवर ठेवून सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाबरोबर रिफॅम्पिसिन हे दुसरे प्रतिजैविक पूर्ण काळ घेतलेले बाराही रुग्ण बरे झाले. रिफॅम्पिसिनऐवजी दिखाऊ गोळी घेतलेल्या बारांपैकी सात. रुग्णसंख्या लहान होती, तरी स्टॅफिलोकोकसच्या अशा संसर्गांत रिफॅम्पिसिनची जोड देण्याची प्रथा बरीचशी यातूनच दृढ झाली.

पृष्ठभागावरचा थर सोडवून मोजण्याची कल्पना निदानालाही उपयोगी पडली. काढलेला कृत्रिम सांधा द्रवात ठेवून ध्वनिलहरींनी हलवायचा आणि सुटलेले जीवाणू वाढवायचे, या पद्धतीची अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयातील ट्रॅम्पुझ आणि सहकाऱ्यांनी चाचणी घेतली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार भोवतालच्या ऊतींच्या संवर्धातून ६०.८ टक्के, तर या द्रवातून ७८.५ टक्के संसर्ग हाती लागले. शस्त्रक्रियेआधीच्या दोन आठवड्यांत प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णांत हा फरक आणखी ठळक होता.