कुकी, स्पायवेअर आणि ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

स्पायवेअर, म्हणजे वापरणाऱ्याच्या नकळत त्याची माहिती टिपणारे प्रोग्राम, शोधणाऱ्या स्कॅनरचे काम संपल्यावर ‘क्रिटिकल ऑब्जेक्ट्स’ (गंभीर वस्तू) या शीर्षकापुढे तीस-चाळीसचा आकडा दिसावा आणि यादी उघडून पाहिल्यावर त्यातल्या बहुतेक नोंदी कुकींच्या, म्हणजे संकेतस्थळांनी ब्राउझरमार्फत संगणकात ठेवलेल्या मजकुराच्या छोट्या तुकड्यांच्या, निघाव्यात, हा २००४-०५ च्या सुमारास विंडोज एक्सपी वापरणाऱ्या असंख्य लोकांचा नित्याचा अनुभव होता. संगणकात कोणीतरी शिरले आहे या धास्तीने माणूस सगळे पुसून टाकत असे आणि आठवड्याभराने तीच नावे पुन्हा यादीत हजर होत असत. या नोंदींना खरा धोका म्हणायचे की फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे खोटा इशारा, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत पूर्णपणे सुटलेला नाही.

कुकी मुळात १९९४ ची. नेटस्केप ब्राउझर घडवणाऱ्या एका अभियंत्याने ऑनलाइन दुकानातील खरेदीची टोपली वापरणाऱ्याच्याच संगणकात लक्षात राहावी म्हणून ही सोय केली, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या एका अर्थविषयक दैनिकाने लिहीपर्यंत सामान्य वापरकर्त्यांना तिचा फारसा पत्ता नव्हता. फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या औपचारिक मानकाने मात्र एक महत्त्वाची अट घातली होती. आपण उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज अन्य कोणाच्या कुकी, म्हणजे आज ज्यांना थर्ड-पार्टी कुकी म्हणतात त्या, ब्राउझरने वापरकर्त्याने मुभा दिल्याशिवाय स्वीकारू नयेत, असे त्यात सांगितले होते. तेव्हाच्या दोन्ही प्रमुख ब्राउझरांनी ही अट पाळली नाही. पुढच्या सगळ्या भांडणाचे बीज या दुर्लक्षात आहे; जे काम ब्राउझरने दाराशीच करायला हवे होते, ते नंतर स्कॅनरने घरात शिरून, आरडाओरडा करत केले.

या भांडणाला धार आली ती १९९९ नंतर. त्या वर्षी एका मोठ्या जाहिरात-जाळ्याने (अनेक संकेतस्थळांवर जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीने) कॅटलॉगवरून होणाऱ्या खरेदीच्या नोंदी बाळगणारी एक कंपनी विकत घेतली. कुकीतील निनावी क्रमांक खऱ्या नाव-पत्त्याला जोडले जाणार, अशी भीती त्यामुळे निर्माण झाली. ओरड झाल्यावर २००० मध्ये ती योजना बाजूला ठेवण्यात आली. सरकारी चौकशी जानेवारी २००१ मध्ये कारवाईविना बंद झाली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने सामूहिक दावाही फेटाळला. कायद्याने हात वर केले होते. लोकांच्या मनातला संशय मात्र तसाच राहिला, आणि त्या संशयाला एक साधन हवे होते.

ते साधन तयारच होते. ॲड-अवेअर, ऑप्टआउट, स्पायबॉट हे प्रोग्राम याच सुमारास आले. त्यांचे पहिले लक्ष्य कुकी नव्हत्या. मोफत सॉफ्टवेअरच्या पोटात दडून येणारे जाहिरातींचे घटक शोधून काढण्यासाठी ते लिहिले गेले होते, आणि हे घटक खऱ्या अर्थाने चालणारे प्रोग्राम होते. कुकींची भर त्यांच्या याद्यांत नंतर पडली, आणि ती पडण्यामागे तत्त्वाइतकीच सोयही होती, हे सहसा सांगितले जात नाही. इंटरनेट एक्सप्लोरर प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी एका स्वतंत्र मजकूर-फाइलीत ठेवत असे आणि फाइलीच्या नावातच वापरकर्त्याचे नाव, मग @ हे चिन्ह आणि मग त्या संकेतस्थळाची ओळख असे. म्हणजे जाहिरात-सर्व्हरांच्या दोन-चारशे नावांची यादी जवळ ठेवली आणि एका फोल्डरवरून नजर फिरवली, की शोध पूर्ण. खऱ्या स्पायवेअरसाठी विंडोजची रजिस्ट्री (मांडणीच्या नोंदींचा अंतर्गत साठा) खणावी लागे, चालू प्रक्रिया तपासाव्या लागत आणि दर आठवड्याला नवी चिन्हे शोधावी लागत. त्या मानाने कुकी म्हणजे झाडाखाली पडलेले आंबे होते.

येथे ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ या शब्दाकडे वळणे भाग आहे, कारण बहुतेक गोंधळ त्या शब्दाने घातला आहे. कोरोनाच्या साथीनंतर ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. आजार नसताना चाचणीने आजार दाखवला, की तो फॉल्स पॉझिटिव्ह. या अर्थाने पाहिले तर कुकीची नोंद बहुतेक वेळा फॉल्स पॉझिटिव्ह नसतेच. स्कॅनरच्या यादीत अमुक डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) होते, त्या डोमेनची कुकी संगणकावर होती आणि स्कॅनरने ती अचूक दाखवली. चाचणी चुकलेली नाही. प्रश्न असा आहे की जे सापडले त्याला आजार म्हणावे का. पडसे झालेल्या माणसाच्या अहवालावर ‘गंभीर संसर्ग’ असा शिक्का मारला, तर प्रयोगशाळेने विषाणू बरोबर ओळखला एवढ्यावरून तो शिक्का योग्य ठरत नाही. पण म्हणून पडसे झालेच नव्हते असेही म्हणता येत नाही.

तेव्हा एकाच शब्दाखाली तीन निराळ्या तक्रारी गोळा झाल्या होत्या. पहिली तक्रार अस्सल चुकीची होती. नाव जुळवण्याची पद्धत ढोबळ असल्यामुळे एखाद्या निरुपद्रवी संकेतस्थळाच्या नावात यादीतील अक्षरे योगायोगाने आली, की त्याचीही कुकी पकडली जाई. अशा नोंदी तुलनेने थोड्या होत्या आणि यादी सुधारली की त्या नाहीशा होत. दुसरी तक्रार वर्गीकरणाची होती. कुकी हा काही बाइटांचा मजकूर आहे, मानकात तिच्यासाठी सुमारे चार हजार बाइटांचे माप धरलेले आहे, ती स्वतः काही चालवू शकत नाही, फाइली वाचू शकत नाही, कळफलकावरील बोटे टिपू शकत नाही. मग तिला स्पायवेअर का म्हणायचे? तिसरी तक्रार तीव्रतेची होती, आणि माझ्या मते तीच खरी होती. ॲड-अवेअरच्या अहवालात ट्रॅकिंग कुकीला (अनेक संकेतस्थळांवर वापरकर्त्याचा मागोवा घेणाऱ्या कुकीला) दहापैकी तीन इतकाच धोक्याचा गुण दिलेला असे, तरीही तिची मोजणी ‘क्रिटिकल’ याच रकान्यात होई. अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या याद्यांसाठी त्याच प्रोग्राममध्ये ‘नगण्य’ असा वेगळा रकाना होता. कुकीसाठी मधला रकाना ठेवणे अशक्य नव्हते. तो ठेवला गेला नाही, एवढेच.

जाहिरात व्यवसायाने या तिन्ही तक्रारी एकत्र बांधून ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ हा शब्द उचलला, यात नवल नाही. तो शब्द वापरला की वाद तांत्रिक अचूकतेचा होतो आणि मागोवा घेण्याला संमती होती का, हा मूळ प्रश्न मागे पडतो. उलट बाजूला स्कॅनर विकणाऱ्यांनाही मोठा आकडा सोयीचा होता. मोफत स्कॅन, मोठा लाल आकडा आणि पुसून हवे असेल तर पैसे, हा धंद्याचा नमुना त्या काळात सर्रास दिसतो. दोन प्रोग्रामांची तुलना करताना ज्याने अधिक वस्तू शोधल्या तो चांगला, असा समज रूढ झाला होता, आणि ज्या प्रोग्रामने कुकी मोजणे बंद केले असते तो एका रात्रीत निकामी वाटू लागला असता. प्रामाणिकपणाला बाजारात तोटा होता.

या बाजारात निव्वळ भामटेही उतरले. मार्च २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेने एका स्पायवेअर-विरोधी प्रोग्रामच्या विक्रेत्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. स्वच्छ संगणकावरही त्यांचा मोफत स्कॅन स्पायवेअर सापडल्याचे सांगत असल्याचा आरोप होता. भामट्याने रिकाम्या संगणकात धोका दाखवणे आणि सचोटीच्या प्रोग्रामने कुकीला गंभीर ठरवणे यांत फरक होता, पण पडद्यासमोर बसलेल्याला तो दिसण्याचा काही मार्ग नव्हता.

त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एका बाजार-पाहणीने जाहिरात क्षेत्राची झोप उडवली. अमेरिकेतील ३९ टक्के वापरकर्ते दर महिन्याला कुकी पुसतात, असा तिचा निष्कर्ष होता. लोक सांगतात तितके खरोखर पुसतात का, यावर मतभेद झाले, पण २००७ मध्ये लोकांच्या सांगण्यावर न विसंबता प्रत्यक्ष संगणकांवर मोजमाप करणाऱ्या दुसऱ्या अभ्यासातही ३१ टक्क्यांचा आकडा आला, आणि कुकींवर विसंबून केलेली पाहुण्यांची मोजणी खऱ्या संख्येच्या अडीचपट फुगू शकते असे दिसून आले. एकच माणूस दर वेळी नवा पाहुणा म्हणून नोंदला जात होता. संकेतस्थळांचे मोजमाप करणाऱ्या कंपन्यांनी यावर काढलेला तोडगा बोलका आहे: ग्राहकाच्या स्वतःच्याच डोमेनखाली एक उपनाव घेऊन तेथून कुकी ठेवायची, म्हणजे ती फर्स्ट-पार्टी, उघडलेल्या संकेतस्थळाचीच, दिसते आणि स्कॅनरच्या यादीतून निसटते. मागोवा तोच राहिला, दारावरची पाटी बदलली.

२००५ हे वर्ष या विषयात सर्वाधिक गजबजलेले आहे. विंडोजच्या निर्मात्यांनी डिसेंबर २००४ मध्ये एक स्पायवेअर-विरोधी कंपनी घेऊन जानेवारीत आपला चाचणी-प्रोग्राम बाजारात आणला. पुढे ऑक्टोबर २००६ मध्ये तोच विंडोज डिफेंडर झाला. या प्रोग्रामने कुकी धोक्यांत मोजल्याच नाहीत. तांत्रिकदृष्ट्या निर्णय समर्थनीय होता, पण वेळ वाईट होती. जुलै २००५ मध्ये याच प्रोग्रामने एका कुप्रसिद्ध जाहिरात-सॉफ्टवेअरबाबतची आपली शिफारस ‘वेगळे काढा’वरून ‘दुर्लक्ष करा’वर आणल्याचे उघड झाले, आणि त्यामुळे यादीतून जे जे वगळले जाई त्यामागे काही देवाणघेवाण असावी, हा संशय बळावला. कुकी न दाखवणारा स्कॅनर अचूक असूनही अविश्वसनीय ठरू लागला.

मे २००५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने स्पायवेअरविरोधी विधेयक ३९३ विरुद्ध ४ मतांनी संमत केले, आणि त्यातील सॉफ्टवेअरच्या व्याख्येतून कुकी वगळल्या. ते विधेयक सिनेटमध्ये पार पडले नाही. जुलैमध्ये मसुदा आणि ऑक्टोबरमध्ये अंतिम रूप, अशा क्रमाने उद्योग व ग्राहक-हक्क गटांच्या एका आघाडीने स्पायवेअरची सर्वमान्य व्याख्या मांडली. तिचा गाभा तंत्रज्ञानावर नव्हता. योग्य संमती आणि वापरकर्त्याचे नियंत्रण या दोन कसोट्यांवर होता. सोबतच्या तक्त्यात प्रत्येक तंत्र हवेसे का वाटू शकते आणि नकोसे का, असे दोन्ही रकाने होते आणि ट्रॅकिंग कुकींनाही त्यात जागा मिळाली. मुत्सद्देगिरीने केलेली ही मांडणी होती. प्रश्न सोडवण्याऐवजी तिने तो नीट लिहून ठेवला.

युरोपने हीच कसरत तीन वर्षे आधी केली होती, आणि तिच्यातील विसंगती वाचण्यासारखी आहे. २००२ च्या खासगीपणाविषयक निर्देशाच्या प्रास्ताविकातील चोविसावा परिच्छेद स्पायवेअर, वेब बग (पानात दडवलेली मागोव्याची अदृश्य चित्रे) आणि छुप्या ओळखखुणांना वापरकर्त्याच्या खासगी कक्षेतील घुसखोरी मानतो, आणि लगेच पंचविसावा परिच्छेद अशाच साधनांपैकी कुकी हे वैध व उपयुक्त साधन असू शकते, असे म्हणतो. दोन परिच्छेदांमधली एक कोरी ओळ म्हणजे स्कॅनरवाल्यांचा आणि जाहिरातवाल्यांचा सगळा वाद. २००९ च्या दुरुस्तीने आगाऊ संमतीची अट घातली, आणि आज प्रत्येक पानावर आडवी येणारी ‘स्वीकारा’ची पट्टी तिथून आली.

या सगळ्यात सर्वांत मोठी विडंबना झाली ती ‘ऑप्ट-आउट’ कुकीची. आमचा मागोवा घेऊ नका, ही इच्छा जाहिरात-जाळी कुकीच्याच रूपात नोंदवत असत आणि ती कुकी साहजिकच त्याच जाहिरात-डोमेनची असे. स्कॅनर डोमेनचे नाव पाहून तीही पुसून टाकी, आणि खासगीपणाची सर्वाधिक काळजी घेणारा माणूस स्कॅन पूर्ण करून निर्धास्त होई त्या क्षणी पुन्हा मागोव्याच्या कक्षेत येई. ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ हा शब्द शंभर टक्के शोभावा असे हे उदाहरण होते, आणि नेमक्या याच उदाहरणाची चर्चा सर्वांत कमी झाली.

पुढचा प्रवास वेगाने सांगता येतो. २००९ मध्ये शंभर आघाडीच्या संकेतस्थळांच्या अभ्यासात ५४ स्थळे फ्लॅश या ब्राउझरच्या पूरक प्रोग्रामच्या साठ्यात कुकीसारखी माहिती ठेवताना आढळली. काही ठिकाणी पुसलेली कुकी तिथून पुन्हा जिवंत होत होती. म्हणजे स्कॅनर जे मोजत होते त्यापलीकडे मागोव्याचे काम सरकले होते. त्याच वर्षी अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने एखाद्या प्रोग्रामला अनिष्ट ठरवण्याचे संरक्षण सुरक्षा-कंपन्यांना आहे असे मान्य केले, आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने प्रतिस्पर्ध्याला मारक ठरावे या हेतूने शिक्का मारल्यास ते संरक्षण मिळणार नाही, अशी मर्यादा घातली. दोन्ही खटले कुकींविषयी नव्हते, तरी शिक्का मारण्याचा अधिकार कोणाचा, हा या वादाचा कणा त्यांत होता.

कुकींचा निवाडा अखेरीस १९९७ च्या मानकाने सांगितलेल्या जागी, म्हणजे ब्राउझरमध्ये, होऊ लागला. सफारीने २०१७ पासून मागोवा रोखण्याची यंत्रणा कडक केली, फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ पासून परिचित ट्रॅकिंग कुकी मुळातच अडवायला सुरुवात केली. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत थर्ड-पार्टी कुकी बंद करण्याची घोषणा केली, मुदती वाढवत नेल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. दरम्यान चोरांनी कुकीचे मोल ओळखले आहे. लॉग-इन टिकवून ठेवणारी कुकी चोरणारे मालवेअर आज पासवर्डाशिवाय खाते उघडू शकते, आणि तिथे कुकी हा धोका नसून ऐवज असतो. काही स्कॅनरांच्या अहवालात ट्रॅकिंग कुकींचा आकडा अजूनही छापला जातो, मात्र आता तो बहुधा वेगळ्या ओळीत, कमी जोखमीच्या शिक्क्यासह असतो.