प्रवासी जहाजांचे अपघात आणि बुडणे : उपचार व प्रतिबंध

प्रवासी जहाज उलटले, बुडाले किंवा आगीमुळे सोडावे लागले की पाण्यात पडलेल्यांच्या श्वसनात अडथळा येऊन शरीराला हानी पोहोचते. आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत जलयानाच्या अपघातामुळे बुडण्याला व्ही९० हा संकेतांक आहे. २००२ साली ठरलेल्या व्याख्येनुसार बुडणे ही एक प्रक्रिया असून तिचा शेवट मृत्यूत, आजारपणात किंवा पूर्ण बरे होण्यातही होतो.

थंड पाण्यात पडताच माणूस नकळत जोराचा श्वास ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर तेवढाच एक श्वास घातक ठरू शकतो. पहिले मिनिटभर धाप आवरत नाही. पुढच्या दहाएक मिनिटांत बोटे आणि हात निकामी होत जातात. समोर आलेली दोरी दिसते, पण धरता येत नाही. शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरायला मात्र बहुधा अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, म्हणजे गारठून मरण्याआधीच बरेच जण बुडतात. लाइफ जॅकेट या पहिल्या टप्प्यातून तारून नेते. थंडीपासून वाचवत नाही. टायटॅनिकच्या दुर्घटनेत (१९१२) पाणी शून्य अंशाच्याही खाली होते आणि जॅकेट घातलेले शेकडो प्रवासी त्यात दगावले. लॅकोनिया जहाजाला १९६३ मध्ये अटलांटिक महासागरातील मदीरा बेटाजवळ आग लागली तेव्हा पाणी सुमारे १८ अंश सेल्सिअस, म्हणजे फारसे थंड नव्हते, तरी १२८ जणांचा बळी गेला आणि त्यांपैकी बरेच जण जॅकेटसह तरंगत असताना मेले.

फुप्फुसात शिरलेले पाणी वायुकोश उघडे ठेवणारा सर्फॅक्टंटचा थर बिघडवते. वायुकोश मिटतात, रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि शेवटी हृदय थांबते. म्हणून इथे उपचारांचा क्रम नेहमीच्या हृदयविकारासारखा नसतो. श्वास थांबलेला असेल तर प्रशिक्षित व्यक्तीने आधी पाच वेळा तोंडावाटे श्वास द्यावा. प्रतिसाद नसल्यास ३० वेळा छाती दाबणे आणि दोन श्वास हे चक्र चालवावे. तोंडातून फेस येत राहतो. तो पुसत बसण्यात वेळ दवडू नये. पोट दाबून पाणी काढण्याची जुनी खटपट तर अपायकारकच, कारण त्यामुळे उलटी होऊन ती फुप्फुसात जाते. डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) लावण्यापूर्वी छाती कोरडी करावी. पाणी खारे होते की गोडे, याने उपचारांत फारसा फरक पडत नाही.

बराच वेळ पाण्यात राहिलेल्याला शक्यतो आडवे ठेवून वर घ्यावे. शरीराभोवतीचा पाण्याचा दाब अचानक नाहीसा झाला की रक्तदाब कोसळतो. ‘वाचलो’ असे वाटत असतानाच शिडीवर कोसळणारे लोक बहुधा याच कारणाने जातात.

रुग्णालयात ऑक्सिजन आणि गरजेनुसार वायुकोश उघडे ठेवण्यासाठी दाबासह हवा देणारा व्हेंटिलेटर हाच मुख्य आधार. सरसकट प्रतिजैविके देत नाहीत. बरा दिसणारा, पण खोकणारा रुग्णही काही तास निरीक्षणाखाली ठेवतात, कारण फुप्फुसाची सूज उशिरा वाढू शकते. गारठून हृदय थांबलेल्याला, इतर घातक इजा नसेल तर, शरीर उबदार करेपर्यंत सहसा मृत ठरवत नाहीत. सोय असल्यास एक्मो यंत्राने, म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून त्यात ऑक्सिजन मिसळून परत सोडणाऱ्या यंत्राने, रक्त तापवतात. जहाजाच्या अपघातात याखेरीज उंचावरून उडी मारल्याने मोडलेली हाडे, धूर आणि सांडलेले इंधन तेल हेही त्रास असतात.

प्रतिबंधाचे नियम मुख्यतः १९७४ च्या सोलास या समुद्रातील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. त्याची पहिली आवृत्ती टायटॅनिकनंतर १९१४ मध्ये झाली. पण तपासांतून समोर आलेल्या चुका बऱ्याचदा साध्या असतात. हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही ब्रिटिश फेरीबोट (१९८७, १९३ मृत्यू) पुढचा दरवाजा उघडा ठेवून निघाली. सेनेगलची फेरीबोट ल जोला (२००२) क्षमतेच्या कितीतरी पट प्रवासी घेऊन उलटली आणि १,८०० हून अधिक लोक गेले. दक्षिण कोरियाची फेरीबोट सेवोल (२०१४) कलंडत असताना प्रवाशांना जागेवरच थांबायला सांगण्यात आले. ३०४ जण दगावले. कोस्टा कॉन्कॉर्डिया या पर्यटन जहाजाच्या अपघातानंतर (२०१२) नियम बदलला. लांबच्या प्रवासात मस्टर कवायत (संकटात प्रवाशांनी ठरलेल्या जागी जमण्याचा सराव) आता निघण्यापूर्वी किंवा निघताच घ्यावी लागते. आधी २४ तासांची सवड होती. सात लहान आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा. तो वाजला की जॅकेट घालून ठरलेल्या जागी जायचे. हवा भरणारे जॅकेट मात्र जहाजाच्या आत फुगवू नये. पाणी चढले तर ते माणसाला छताला चिकटवते आणि दारातून खाली बुडी मारून बाहेर पडणे अशक्य होते.