नेक्स्ट फेल आलं म्हणून केबल कापू नका

नेटवर्क केबलमध्ये पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. एका जोडीतला सिग्नल शेजारच्या जोडीत गळतो तो क्रॉसटॉक, आणि सिग्नल सोडलेल्या टोकालाच मोजलेला क्रॉसटॉक म्हणजे नेक्स्ट (NEXT). टेस्टरवर नेक्स्ट फेल दिसलं की ‘केबल लांब झालीय, थोडी कमी करून बघ’ हा सल्ला ठरलेला. इन्सर्शन लॉस, म्हणजे वाटेत होणारी सिग्नलची घट, फेल आला की तितक्याच खात्रीने ‘कनेक्टर पुन्हा मार’. म्हणजे लॉसचा इलाज क्रॉसटॉकला आणि क्रॉसटॉकचा लॉसला. दोन्ही आकडे डेसिबलमध्ये येतात आणि एकाच रिपोर्टवर खाली-वर छापलेले असतात, म्हणून ते एकाच दुखण्याची दोन लक्षणं वाटतात. तसं ते अजिबात नाही.

लॉस सगळ्यांना कळतो. एका टोकाला सिग्नल सोडला, दुसऱ्या टोकाला किती कमी पोचला ते मोजलं. लांबीबरोबर वाढतो, फ्रीक्वेन्सीबरोबर वाढतो, बारीक तारेत वाढतो. गरम जागेतही वाढतो: शिल्ड नसलेल्या केबलला २० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान दर अंशाला ०.४ टक्के धरतात. चारही जोड्या एकदम फेल असतील तर बहुतेक वेळा लांबीच जास्त झालेली असते. एकच जोडी फेल असेल तर तिचा संपर्क तपासा.

कुठला आकडा मोठा चांगला आणि कुठला लहान, यावरही लोक अडखळतात, पण ते दोन ओळींत संपतं. लॉस कमी हवा. नेक्स्ट जास्त हवं, कारण शेजारच्या जोडीत शिरलेला सिग्नल मूळ सिग्नलपेक्षा किती खाली आहे ते तो आकडा सांगतो. ४० डेसिबल म्हणजे व्होल्टेजच्या शंभराव्या हिश्शाइतका.

खरी मेख आहे ती मोजण्याच्या जागेत. नेक्स्ट मोजताना टेस्टर एका जोडीत सिग्नल सोडतो आणि त्याच टोकाला दुसऱ्या जोडीवर कान लावतो. सिग्नल सगळ्यात ताकदवान असतो तो या टोकापाशी, आणि जोड्यांचा पीळ उलगडलेला असतो तोही इथेच, केबल जिथे संपते त्या जॅकमध्ये (सॉकेटमध्ये). त्यामुळे नेक्स्टचा निकाल बहुतांशी जवळच्या जॅकवर आणि सुरुवातीच्या काही मीटरवर ठरतो. पुढे केबल ३० मीटर आहे की ९०, याने त्यात फारसा फरक पडत नाही.

आता दूरच्या जॅकचं काय होतं ते पाहा. कॅट ६ दर्जाच्या केबलची ९० मीटरची पर्मनंट लिंक, म्हणजे जॅकपासून जॅकपर्यंतचं कायमचं वायरिंग, घ्या. १०० मेगाहर्ट्झला तिचा लॉस सुमारे १८ डेसिबल धरू. दूरचा जॅक इतका वाईट बसवलाय की तिथलं नेक्स्ट फक्त ३५ डेसिबल आहे, मर्यादा ४१.८ ची, म्हणजे तो सरळ नापास. पण जवळच्या टोकाकडून मोजताना सिग्नल तिथे पोचेपर्यंत १८ डेसिबल घटतो, आणि तिथे गळालेला भाग परत येताना आणखी १८. टेस्टरला तो ७१ डेसिबल खाली दिसतो आणि लिंक झोकात पास होते. केबलच्या लॉसने खराब जॅक झाकला.

म्हणूनच नेक्स्ट दोन्ही टोकांकडून मोजावं लागतं. चार जोड्यांच्या आपसातल्या सहा जुळण्या, दोन टोकं मिळून बारा मोजमापं. लॉस एकाच बाजूने मोजला तरी चालतो, कारण तो दोन्ही दिशांनी सारखाच येतो. एकाच टोकाचं नेक्स्ट असलेला रिपोर्ट माझ्या लेखी अर्धा आहे, त्यावर सही करू नये.

याच हिशेबात केबल कापण्याचा सल्ला बसवून बघा. तीच लिंक १० मीटरची केली तर लॉस उरतो २ डेसिबल. आता दूरचा जॅक जवळच्या टोकाकडून ३९ डेसिबलवर दिसतो, आणि जवळच्या जॅकची गळती त्यात मिळते ती वेगळीच. कापल्यावर निकाल आणखी बिघडला. छोट्या लिंक नेक्स्टला फेल जातात तेव्हा लोकांना नवल वाटतं. त्याचं कारण हेच.

मग इलाज टोकाशी करा. जॅकपाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. सोय म्हणून दोन-अडीच सेंटिमीटर तारा सरळ करून बसवणं ही मला सगळ्यात खटकणारी सवय आहे. जोड्या फुटल्यात का, म्हणजे एका जोडीची तार दुसरीच्या जागी गेलीय का, तेही बघा: जॅकच्या पिनांवर जोड्या १-२, ३-६, ४-५, ७-८ अशा हव्या असताना कोणी दोन्ही टोकांना १-२, ३-४, ५-६, ७-८ मारलं, तर दिव्यांच्या साध्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात आणि दोन जोड्यांचं नेक्स्ट पार कोसळतं. लिंकचा दिवा लागला हाही पुरावा नव्हे; गिगाबिटच्या चिपा क्रॉसटॉकचा बराचसा भाग गणिताने वजा करतात.

दोन्ही आकडे एकत्र येतात ते वजाबाकीत. नेक्स्टमधून लॉस वजा केला की आलेला सिग्नल गळतीच्या किती वर आहे ते कळतं. कॅट ६ चॅनेलच्या, म्हणजे पॅच कॉर्ड धरून पूर्ण जोडणीच्या, मर्यादा १०० मेगाहर्ट्झला नेक्स्ट ३९.९ आणि लॉस २१.३, म्हणजे हाती १८.६ डेसिबल. २५० मेगाहर्ट्झला ३३.१ आणि ३५.९, म्हणजे उणे २.८: तिथे गळती आलेल्या सिग्नलपेक्षा मोठी असू शकते.

टेस्टरवर अंतरानुसार क्रॉसटॉकचा आलेख असेल तर जॅक उघडण्याआधी तो बघा. केबलच्या टोकाशी आलेखात उंच सुळका दिसला तर जॅक बदला. मधेच एका ठिकाणी दिसला तर तिथे जोड आहे किंवा केबल चेपलीय. पूर्ण लांबीभर आलेख उचललेला असेल तर आधी जोड्या फुटल्यात का ते तपासा. त्या नीट असतील तर केबलच बदलायची.