प्रारूप विकास आराखड्यावर हरकत किंवा सूचना कशी नोंदवायची?

शहराचा विकास आराखडा, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो तो, पुढच्या वीस वर्षांत कुठल्या जमिनीवर काय होणार हे ठरवणारा कायदेशीर नकाशा असतो. शाळा कुठे होणार, मैदान कुठे राहणार, कुठला रस्ता रुंद होणार, कुठली शेती निवासी विभागात जाणार, सगळं त्यात येतं. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार चालतं. वीस वर्षांतून किमान एकदा आराखडा सुधारावा, असं त्याच कायद्याचं कलम 38 सांगतं.

महापालिका किंवा नगरपरिषद आधी आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते (कलम 23), मग आज कुठल्या जागेचा वापर कशासाठी होतोय याचा विद्यमान भूवापर नकाशा बनवते (कलम 25) आणि त्यानंतर प्रारूप आराखडा, म्हणजे आराखड्याचा मसुदा, प्रसिद्ध करते (कलम 26). सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने हा कलम 26 चा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना येते, नकाशे कार्यालयात पाहायला ठेवतात आणि लेखी हरकती-सूचना मागवतात. मुदत किती, ते त्या सूचनेतच दिलेलं असतं. 30 दिवस किंवा 60 दिवस अशा मुदती दिलेल्या दिसतात. दिवस राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजतात. त्यामुळे पेपरात बातमी वाचली त्या दिवसापासून मोजत बसू नका.

कोण अर्ज करू शकतं?

कोणीही. कलम 28 मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ असाच उल्लेख आहे. जागा तुमच्या नावावर असण्याची गरज नाही. भाडेकरू, झोपडपट्टीतले रहिवासी, मंडईतले विक्रेते, गृहनिर्माण सोसायटी, शाळेचे पालक, शेतकरी, सगळ्यांना हा अधिकार आहे. मालक बाहेरगावी किंवा परदेशात असेल तर त्याच्या वतीने अधिकारपत्र घेतलेल्या माणसाला अर्ज देता येतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडलं, म्हणजे ती बाग, शाळा, दवाखाना अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली, तो मालक हमखास हरकत घेतो, वकील किंवा आर्किटेक्ट घेऊन सुनावणीला येतो, आणि त्याने यावंच. त्याची जमीन जाणार असते. पण त्या जमिनीवर ज्यांच्यासाठी बाग किंवा दवाखाना दाखवलाय ते रहिवासी येतच नाहीत. ‘आरक्षण आहे ना, मग आपण कशाला अर्ज करायचा,’ असं त्यांना वाटतं. मग सुनावणी घेणाऱ्या समितीपुढे एकच बाजू मांडली जाते. तुमच्या वॉर्डातलं आरक्षण तुम्हाला हवं असेल, तर ‘हे आरक्षण कायम ठेवावे’ अशी सूचना लेखी द्या. तीही तितकीच ग्राह्य असते.

आधी नकाशा नीट पाहा

कार्यालयात जाताना स्वतःचा सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन जा. सोसायटीचं नाव सांगून नकाशावर जागा सापडायला फार वेळ जातो. नकाशाच्या कडेला रंगांची आणि खुणांची सूची असते. निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती किंवा हरित विभाग त्यावरून ओळखता येतात. प्रत्येक आरक्षणाला क्रमांक असतो. नकाशासोबत अहवाल असतो. लागू असलेली विकास नियंत्रण नियमावलीही चाळा, कारण किती उंच आणि किती दाट बांधकाम होणार ते तिथे कळतं.

आपल्या जागेच्या पलीकडेही पाहा. समोरचा रस्ता किती मीटरचा दाखवलाय? ओढा किंवा नाला नकाशावर आहे का, की गायब झालाय? नदीकाठ असेल तर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषा, कुठून जातात? आज चालू असलेली शाळा, मंदिर, विहीर, स्मशानभूमी नकाशात आहे का? अशा चुका खरोखर होतात. मुंबईचा 2015 मधला प्रारूप आराखडा चुकांवरून इतका गाजला की त्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला आणि सुधारित प्रारूप मे 2016 मध्ये पुन्हा लोकांपुढे आलं. चुका शोधण्यात नागरिकांचा आणि संस्थांचा वाटा मोठा होता.

नकाशाची प्रत किंवा तुमच्या भागाचा प्रमाणित उतारा ठरलेली किंमत भरून मिळतो. तो घ्याच. मोबाइलवर काढलेल्या फोटोत क्रमांक नीट वाचता येत नाहीत.

कागदपत्रं

नुसती सूचना द्यायची असेल तर साधा अर्ज आणि ओळखपत्राची प्रत एवढ्यावर काम भागतं. स्वतःच्या जागेबद्दल हरकत असेल तर मात्र पुरावा हवा: ताजा सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, प्रारूप आराखड्यातल्या त्या भागाची प्रत. इमारत उभी असेल तर मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र जोडा. बिनशेतीचा आदेश झालेला असेल तर तोही. रीतसर परवानगी घेऊन बांधलेल्या इमारतीवर आरक्षण पडलं असेल, तर हे कागद सगळ्यांत जास्त उपयोगी पडतात. सोसायटीने अर्ज करताना ठरावाची प्रत आणि पदाधिकाऱ्याची सही हवी. सातबाऱ्यावर अनेक नावं असतील तर शक्यतो सगळ्यांच्या सह्या घ्या.

अर्ज कसा लिहायचा

अर्ज महापालिकेच्या आयुक्तांच्या किंवा नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, किंवा सूचनेत ज्या अधिकाऱ्याचं पद दिलं असेल त्याच्या नावे लिहायचा. विषयातच आराखड्याचं नाव, कलम 26 आणि राजपत्राची तारीख टाका. मग जागा, आक्षेप, कारण आणि पर्याय, याच क्रमाने लिहा. उदाहरणार्थ:

‘मौजे अमुक येथील सर्व्हे नं. 41, हिस्सा नं. 2 मधून 18 मीटर रुंदीचा रस्ता प्रस्तावित आहे. त्याच्या आखणीत सन 2009 चे भोगवटा प्रमाणपत्र असलेली आमची इमारत येते. पश्चिमेकडील नाल्यालगतची जागा मोकळी असून आखणी तिकडे सरकवल्यास इमारत वाचते व रस्त्याची सलगताही राहते. सोबतच्या नकाशावर पर्यायी आखणी दाखवली आहे.’

एवढं पुरे. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहिलेल्या अर्जावर समितीला काही करता येत नाही. पर्याय दिला की अधिकाऱ्याला नकाशा उघडून तपासावा लागतो. एका अर्जात एकच मुद्दा ठेवा. दोन आरक्षणांवर म्हणणं असेल तर दोन वेगळे अर्ज द्या. छापील मजकुरावर शेकडो सह्या घेण्याची पद्धत आहे, त्यातून लोकांची भावना पोचते. पण अशा अर्जांचा विचार एकत्रच होण्याची शक्यता जास्त, म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या अडचणीच्या दोन ओळी जोडल्या तर जास्त चांगलं.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच जपून ठेवा, सुनावणीच्या वेळी हाच क्रमांक लागतो. ईमेल किंवा ऑनलाइन अर्जाची सोय सूचनेत दिली असेल तरच त्यावर विसंबा, आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

सुनावणी

हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाकडून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. पत्राने तारीख कळते, म्हणून अर्जावर पत्ता आणि मोबाइल नंबर स्वच्छ अक्षरांत लिहा. अर्जांचा ढीग किती असतो याची कल्पना यावी म्हणून सांगतो: पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013 मध्ये सुमारे 87 हजार हरकती-सूचना आल्या होत्या. अशा वेळी प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. मूळ कागद सोबत ठेवा, नकाशावर बोट ठेवून जागा दाखवा आणि मागणी एका वाक्यात सांगा. नवीन काही द्यायचं असेल तर लेखी द्या आणि त्याचीही पोच घ्या. सोसायटीतर्फे जाताना एकाने बोलायचं, बाकीच्यांनी हजर राहायचं.

समितीचा अहवाल आल्यावर आराखडा बदलांसह राज्य शासनाकडे जातो आणि कलम 31 खाली मंजूर होतो. शासनाला मोठे, सारभूत बदल करायचे असतील तर तेवढ्या भागापुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. म्हणून मंजुरीपर्यंत राजपत्रावर लक्ष ठेवा. पुण्याचा तो आराखडा मंजूर व्हायला जानेवारी 2017 उजाडलं.

मंजुरीनंतरचा बदल कलम 37 च्या फेरबदल प्रक्रियेतूनच होतो, आणि तो प्रस्ताव महापालिकेकडून किंवा शासनाकडून यावा लागतो. आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालकाला कलम 127 ची नोटीस देता येते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. वॉर्डातल्या मैदानाची जागा अशीच हातची जाऊ द्यायची नसेल, तर आरक्षणाच्या तारखा रहिवाशांनीही टिपून ठेवाव्यात आणि दहा वर्षं संपण्याच्या आधीच संपादनासाठी महापालिकेकडे पाठपुरावा सुरू करावा.